तीर्थरूपांचा फोन

मोबाइलवरचं परीक्षण मोठ्याने वाचता वाचता मुलगी मध्येच गप्प झाली आणि अंगठ्याने पडदा सरकवू लागली. तीर्थरूपांनी खुर्चीच्या हातावर टकटक केलं. गाळलेलं वाच, असा त्याचा अर्थ.

"काही नाही हो बाबा, नेहमीचंच आहे," ती म्हणाली. टकटक थांबेना तेव्हा तिने मान खाली घालून वाचलं, "'आकाश फाटतंय, शहर कोसळतंय, आणि नायकाला फोन येतो तो बापाचा. हा फोन कापताही येत नाही. त्यात बापाचा आवाज असा, की उठून त्याला पाणी नेऊन द्यावंसं वाटतं.'"

तीर्थरूप हे त्यांना स्टुडिओत पडलेलं नाव. उभा जन्म डबिंगमध्ये गेला, पण नायक कधी वाट्याला आला नाही. कडक बाप, गरीब बाप, जाहिरातीत विमा काढणारा बाप. बायको म्हणायची, बाहेर तुमची एवढी मुलं आहेत की मला सवतींची गणतीसुद्धा ठेवता येत नाही.

शेवटचं काम मिळालं ते एका व्हिडिओ गेमचं. उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या तरुणाची लांबलचक गोष्ट. खेळणाऱ्याने त्याला लढवायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. त्याचा बाप निवृत्त क्रेनचालक. पोरगा जगाला वाचवत असताना मध्येच त्याला फोन करणारा. त्या दिवसांत तीर्थरूपांचा घसा बसलेला होता. चार दिवस थांबू या का, असं त्यांनी विचारलंही होतं. पण दिग्दर्शक खूश होता. असाच थकलेला आवाज हवा होता, म्हणाला. रेकॉर्डिंग संपलं, तरी घसा सुटला नाही. मग तपासण्या झाल्या, आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. आता श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून चालतो आणि बोलणं एका छोट्या पांढऱ्या पाटीवर. गेम बाजारात आला तेव्हा त्यातला आवाज या जगात उरलेला नव्हता.

बायकोला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यातला फोन वाजला की ती गॅस बंद करून बाहेरच्या खोलीत यायची. "जेवलास का? नाही ना? मग आधी जेव. जग काही पळून जात नाही." हे वाक्य संहितेत नव्हतं. तीर्थरूपांनी पदरचं घातलं होतं. मुलगी परीक्षेच्या दिवसांत उपाशी अभ्यासाला बसायची तेव्हा ते तिला असंच म्हणत.

सगळी मतं वाईट नव्हती. उडण्याची, चित्रांची स्तुती सगळ्यांनीच केली होती. नायक माणूस वाटतो तो फक्त बापाशी बोलताना, असंही एकीने लिहिलं होतं. पण बाकीच्यांची गाडी बापापाशी येऊन अडकायची. गोष्ट रेंगाळते, बाप बोअर करतो, आवाज फाटका आहे, पैसे वाचवायला कोणालाही धरून आणलेलं दिसतंय. कोणीतरी त्यांच्या खोकल्याला ताल जोडून गाणं बनवलं होतं. मुलीने ते लपवलं. त्यांनी ते आधीच पाहिलेलं होतं.

एका परीक्षणाखाली ती उत्तर लिहायला बसली. हा माणूस तेव्हा आजारी होता, एवढं लिहून झालं होतं. तीर्थरूपांनी मोबाइल हातातून काढून घेतला आणि पाटीवर लिहिलं, "कीव नको. कामाबद्दल बोलतायत, बोलू दे."

मग त्यांनी तिला गेम लावायला सांगितला आणि डोळे मिटून, दुसऱ्या कोणाचं काम ऐकावं तसे फोन ऐकले. पहिला ठीक होता. शेवटच्या लढाईआधीच्या फोनमध्ये बाप म्हणतो, "तू ये किंवा नको येऊस, मी जागा आहे." तिथे श्वास अर्ध्यावरच संपला होता, आणि "जागा" हा शब्द कोणाच्याही कानावर पडत नव्हता. त्यांनी परत लावायला सांगितलं. परत तेच. एरवी अशा ठिकाणी त्यांनी स्वतःच हात वर करून पुन्हा घेऊ म्हटलं असतं.

"बरोबर आहे त्यांचं," त्यांनी लिहिलं.

बायकोने पाटी वाचली आणि पदराने पुसून टाकली. "बरोबर असेल," ती म्हणाली. "पण बाकी सगळीकडे तुम्ही लोकांचे बाप होतात. ह्यात तेवढे आपल्या घरातले आहात."

दिग्दर्शकाचा फोन आला तो त्याच आठवड्यात. मुलीने स्पीकर लावला. तो बराच वेळ तब्येतीबद्दल बोलला. मग म्हणाला, की मतांचा फार बोभाटा झालाय, कंपनीने ठरवलंय, बापाचा आवाज नव्याने भरायचा आणि सगळ्यांच्या गेममध्ये बदलून टाकायचा. तुम्हीच पुन्हा केलं असतं तर, एवढं बोलून तो अडखळला.

"आणि जुना?" बायकोने विचारलं.

"तो निघेल, वहिनी."

मुलगी चिडली. आपण गेम इंटरनेटला जोडूच नये, म्हणाली. पण जोडल्याशिवाय तो उघडतच नव्हता. शेवटी तिने सगळे फोन मोबाइलवर भरून घेतले. आईने एकदा ऐकले, राहू दे म्हणाली, आणि पुन्हा मागितले नाहीत.

रेकॉर्डिंगला मी येऊन बसतो, असं तीर्थरूपांनी दिग्दर्शकाला कळवलं. मुलीला ते मुळीच पटलं नाही. त्यांनी पाटी घेतली. "माझ्याशिवाय त्याला कोण सांगणार?" लिहून झाल्यावर "सांगणार" पुसलं आणि तिथे "दाखवणार" लिहिलं.

नवा नट तसा नवा नव्हता. कितीतरी सिनेमांत तो त्यांचा मुलगा झाला होता; आता त्याचेही कानशिलावरचे केस पिकले होते. त्याने त्यांना आतच, माइकपाशी, शेजारी बसवून घेतलं. सुरुवातीला तो रडवेलं बोलत होता. तीर्थरूपांनी मान हलवली, तळहात हळूहळू खाली नेला, त्याच्या पोटावर हात ठेवून श्वास कुठून घ्यायचा ते दाखवलं. त्याला चटकन कळलं. जेवणाचं वाक्य तर असं आलं, की काचेपलीकडचा दिग्दर्शक जागचा उठला.

"तेच ठेवू ना, तीर्थरूप?" नटाने विचारलं. त्यांनी मान डोलावली.

शेवटचा, अगदी हळू आवाजातला फोन सुरू झाला आणि रेकॉर्डिस्टने थांबवलं. "कुठूनतरी हवा जातेय. फुस्स असा आवाज येतोय मधूनमधून."

एसी बंद होता. दार तपासलं. माइक बदलला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आधी तीर्थरूपांच्या लक्षात आलं, त्यांच्या पाठोपाठ नटाच्या. त्याने नजर कागदात घातली. पुढच्या वेळी तीर्थरूपांनी श्वास रोखून धरला. पण बापाला बोलायचं होतं पुष्कळ, आणि मध्येच गळ्याच्या छिद्रातून हवा सुटलीच.

रेकॉर्डिस्ट पुन्हा काही बोलायच्या आत ते उठले. नटाचा खांदा थोपटला. स्टुडिओचं जाड दार दोन्ही हातांनी, आवाज न होऊ देता ओढून घेतलं आणि बाहेरच्या बोळात उभे राहिले.

दारावरचा लाल दिवा लागला. दाराला वीतभर काच होती. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना दिसत होते ते फक्त नटाचे ओठ. आणि त्या ओठांबरोबर, सबंध फोन संपेपर्यंत, तीर्थरूपांचेही हलत होते.