पहिला नंबर मालकाचा

माझा साडू बसवेश वाईट माणूस असता तर माझं अर्धं दुखणं बरं झालं असतं. चार लोकांत त्याला शिव्या घातल्या असत्या आणि सुखानं झोपलो असतो. पण तो चांगला आहे. लई चांगला आहे. आणि चांगल्या माणसावर जळायचं तर ते कुणाला सांगताही येत नाही.

त्याची बायको सावित्रम्मा थोरली, माझी रत्नम्मा धाकटी. त्यामुळं तो थोरला जावई आणि मी धाकटा. सासुरवाडीला तो दारात दिसला की सासू कानडीत ‘बर्री, कूडरी’, या, बसा, करत सतरंजी झटकायची. मला म्हणायची, ‘आलात व्हय.’ होळगीचं, म्हणजे पुरणपोळीचं, पहिलं ताट त्याला, तुपाची वाटी त्याला. एकतीस वर्षं मी दुसऱ्या ताटावर काढली. तो पिठाच्या गिरणीवर बसणारा माणूस, मी रेल्वेत सिग्नल खात्यातला, पक्क्या नोकरीचा. तरी त्या गिरणीवाल्यानं बघता बघता तीन इमारती उभ्या केल्या. एकवीस भाडेकरू. एखादी खोली रिकामी झाली तर आठवड्यात भरायची. आणि माझ्याकडं काय होतं? होटगी स्टेशनातलं क्वार्टर, तेही सरकारचं.

रिटायर झालो त्या दिवशीच ठरवलं, फंडाचा पैसा बँकेत कुजवायचा नाही. इमारत घ्यायची. भाडेकरू ठेवायचे. लोकांनी मला मालक म्हटलं पाहिजे, आणि ते बसवेशच्या कानावर गेलं पाहिजे. खरं सांगायचं तर दुसरं पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं होतं.

शुक्रवार पेठेत एक दुमजली विकायला निघाली. खाली चार खोल्या, वर तीन. मी काय आंधळेपणानं घेतली नाही. सिग्नलची तपासणी करायचो तशी केली. भिंती ठोकून बघितल्या, ओल कुठं आहे बघितली, गच्चीवर बादलीभर पाणी ओतून खाली उतरून छत बघितलं. लाइटचे मीटर सात, वेगवेगळे. कागद वकिलाकडून बघून घेतले. एकच गोष्ट जरा खटकली. दोन वर्षांच्या वर टिकलेला एकही भाडेकरू त्या घरात नव्हता. मी म्हटलं, मालक खडूस असेल.

रत्नम्मानं एकदा सुचवलं, दाजींना दाखवा की. मला बसवेश नको होता, पण नको कसं म्हणणार? आला. भिंतीकडं बघितलं नाही, मीटरकडं बघितलं नाही. अंगणातल्या नळाशी उकिडवा बसला आणि एका भाडेकरणीशी पाऊण तास बोलत राहिला. पाणी किती दिवसांनी येतं, तर पाच. किती वेळ टिकतं, तर दीड तास. शेवटी धार किती राहते, तर करंगळीएवढी. मग उठून धोतर झटकत मला म्हणाला, “इमारत बरी हाय, प्रभुअप्पा. घ्या. पण आदी हितं हौद बांधा. समदं पाणी हौदात, मोटर लावून वर टाकी, प्रत्येक खोलीत नळ. माझा गवंडी देतो पाठवून.”

बघा. इमारत माझी, पैसा माझा, आणि हौद बसवेशचा. उद्या गल्ली म्हणणार, थोरल्या साडूनं सगळं मार्गी लावून दिलं बरं का. मी हो हो करत चहा पाजून त्याला वाटेला लावलं आणि तिथंच मनात ठरवलं, हौद बांधायचा नाही. गरजच नाही. माणसाला शिस्त असली तर एका नळावर सात घरं भागतात.

खरेदी झाली. खालची पुढची खोली आम्ही घेतली, बाकी सहा भाड्यानं. आणि मी माझी शिस्त लावली. नव्वद मिनिटं, सात घरं, घराला बारा मिनिटं. वरची सहा मिनिटं माझी, इकडंतिकडं झालं तर. टाइमटेबल टाइप करून घेतलं, वर प्लास्टिक चढवून नळाशेजारी खिळ्याला टांगलं. पहिला नंबर मालकाचा. यात चुकलं काय? मालक आहे की मी! नोकरीतली शिट्टी होतीच. पाणी सुटलं की खुर्ची टाकून बसायचो. बारा मिनिटं झाली की शिट्टी. बाई अर्धी घागर भरलेली का असेना, बाजूला व्हायचं.

पहिल्या नंबरावर रत्नम्मा भरायची. मान खाली घालून भरायची. बाकीच्या सहाजणी हंडे-कळश्या घेऊन भिंतीला टेकून उभ्या. ती लई घाई करायची, बॅरल अर्धंच भरून बाजूला व्हायची, आणि मी म्हणायचो, अगं अजून पाच मिनिटं आहेत, भर की निवांत. ती घागर उचलून आत जायची. मला वाटायचं, बाईला मालकीण व्हायची सवय नाही, होईल हळूहळू.

सहावा नंबर वरच्या भार्गवीचा. शाळेत शिकवते, म्हातारी आई सोबत. सातवा बाळूचा. औषधाच्या दुकानात कामाला, दोन लहान पोरं. यांच्या वेळेला धार बारीक होऊन जायची. भार्गवीनं एकदा नीट येऊन विचारलं, काका, नंबर फिरते ठेवले तर? या वेळेला पहिला तो पुढच्या वेळेला शेवटी. मी तिला समजावलं, की टाइमटेबल रोज बदललं असतं तर होटगीवर गाड्या एकमेकींवर चढल्या असत्या. ती बरं म्हणाली आणि जिना चढून गेली.

एकदा ऐन पाण्याच्या वेळेला बसवेश आला. मी खुर्चीत, तोंडात शिट्टी. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. बराच वेळ उभा राहून बघत होता, मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, मालकानं शेवटी भरावं, म्हणजे पाणी पुरतंय का न्हाय ते मालकाला कळतं. झालं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ज्याच्या तीन इमारतींत हौद आहेत त्यानं मला पहिला-शेवटचा शिकवावा?

महिन्याभरात भार्गवीनं खोली सोडते म्हणून सांगितलं. मी म्हटलं, जा, छप्पन येतील. पाठोपाठ खालचं एक घर गेलं. छप्पन काही आले नाहीत. जे खोली बघायला यायचे ते नळ बघायचे, टाइमटेबल वाचायचे, आणि सांगतो म्हणून जायचे. मग बाळू निघाला. तीन खोल्यांना कुलूप. गल्लीतनं जाताना मला वाटायचं लोक कुलपं मोजताहेत.

बाळूचा टेम्पो सामान घेऊन निघाला तेव्हा मला राहवलं नाही. स्कूटर काढली आणि मागोमाग गेलो. लांब जावं लागलं नाही. दोन गल्ल्या सोडून टेम्पो थांबला, बसवेशच्या दारात. वरच्या गॅलरीत भार्गवीची आई शेंगदाणे वाळत घालत बसली होती. मला बघून ती बया चक्क हसली, बरं आहे ना म्हणाली.

म्हणजे पाऊण तास नळाशी बसून हा माझे भाडेकरू हेरत होता! एकवीस पुरेनात याला, माझे तिघं पण पाहिजेत. पहिलं ताट खाऊन पोट भरलं नाही, माझ्या ताटातलं पण उचलायचं. खरं सांगतो, मला त्या क्षणी वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो माणूस वाईट निघाला होता.

आत गेलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. साडू म्हणवतोस आणि घर फोडतोस म्हणालो. गिरणीतला चोर म्हणालो. एकतीस वर्षांचं सगळं ओकलो. भाडेकरू बायका दारात येऊन ऐकत होत्या. बसवेशनं मला खुर्ची दिली आणि आपण मान खाली घालून उभा राहिला. बोलली ती सावित्रम्मा. स्वयंपाकघराच्या दारातनं, आवाज न चढवता.

“घरला जावा आनि रत्नीला इचारा.”

घरी आलो तर रत्नम्मा घागरी राखेनं घासत बसली होती. दुसऱ्या दिवशी पाणी येणार होतं. मी उभ्या उभ्या विचारलं, बाळूला तिकडं कुणी पाठवलं? तिनं घासायचं थांबवलं नाही. म्हणाली, मी. भार्गवीला? मी. खालच्या घराला पण मीच. अक्काकडं खोल्या रिकाम्या होत हुत्या, मी सांगून ठेवलं हुतं. दाजी न्हाय म्हणत हुते. प्रभुअप्पाचा भाडेकरू मी घेणार न्हाय म्हणून अडून बसले हुते. मी हातापाया पडून घ्यायला लावलं. पोरांना आंघोळीला पाणी न्हाय, म्हातारीला प्यायला न्हाय, आणि मी पहिल्या नंबरावर भरते. सहाजणींच्या डोळ्यांसमोर भरते. “एकदा तरी माझ्या तोंडाकडं बगितलंत का तुमी?”

मला वाटलं रागवावं, पण राग बसवेशच्या घरीच संपवून आलो होतो. तिनं घागर पालथी घातली, हात पदराला पुसले.

“शेवटी मी बी अक्काला इचारलं,” ती म्हणाली. “म्हटलं, माझ्यापुरती एक खोली हाय का.”

अंगणात उभा होतो, तिथंच राहिलो. तिनं हे भांडणात बोललेलं नव्हतं. कांदे संपलेत म्हणून सांगावं तसं सांगितलं होतं. या बाईनं एकतीस वर्षांत माझ्याकडं कधी काही मागितलं नाही, आणि मागितली ती खोली, तीही दुसऱ्याच्या घरात. मला तिला कितीतरी विचारायचं होतं. कधी विचारलंस, खरंच जाणार होतीस का, अजून जायचं आहे का. हे सगळं ओठापर्यंत आलं होतं. आणि बाहेर काय पडलं?

“मग बसवेश काय म्हणाला?”

रत्नम्मानं दुसरी घागर जवळ ओढली.

“बगा,” ती म्हणाली. “आजून बी तुमी त्येचंच इचारताय.”