गोळी आणि धाकटी जाऊ

गोळी तळहातावर घेतली की रोज तेच वाटायचं — एवढीशी पांढरी, साबुदाण्यापेक्षा जरा मोठी, आणि हिच्या भरवशावर आपला सगळा देह... चहाच्या आधी, उपाशीपोटी, जन्मभर. डॉक्टरांनी गळ्याला बोटं लावून पाणी गिळायला लावलं होतं, रक्त तपासलं होतं, मग म्हणाले होते, थायरॉइड मंदावलंय. म्हणून इंदुमतीला एप्रिलमध्येही पानिपतची जाड लोकरी चादर लागायची, म्हणून अंग सुटलं होतं. नवरा, प्रफुल्ल, मात्र वर्षभर म्हणत होता, "दुपारची झोप कमी कर."

आणि लुंबिनी! धाकटी जाऊ, नोएडाच्या याच नव्या सोसायटीत वरच्या मजल्यावर. दोन महिन्यांत सडपातळ झाली, डोळे कसे टपोरे, चमकदार. रविवारी विहारात ती पांढऱ्या साडीत उभी राहिली तेव्हा प्रफुल्ल म्हणाला होता, "शिक जरा तिच्याकडून." ते वाक्य अजून सलत होतं.

आज सकाळी इंदुमती गोळी घेणार, तोच ती सैल ब्लाउज घेऊन आली. "ताई, उद्या जयंती आहे. दोन इंच आत घ्या ना."

गळ्याभोवती टेप धरताना इंदुमतीच्या बोटांखाली शीर धावत होती. मान घामानं ओली.

"आणि तुमची ती ताकदीची गोळी मलाही द्या ना. डबल खाते, तरी बिल्कुल दम नाही. छाती नुसती धडधडते."

ताकदीची! दवाखान्याच्या भिंतीवर दोन बायकांची चित्रं होती — एक सुजलेली, एक वाळलेली, टपोऱ्या डोळ्यांची. ग्रंथी तीच, डॉक्टर म्हणाले होते, एकीची मंद, एकीची भरधाव. भरधाववालीनं ही गोळी चुकूनही घ्यायची नाही.

"आधी पाणी पी."

लुंबिनी गटागटा प्यायली. गळ्यातला फुगवटा वर गेला, खाली आला.

दुखणंच होतं तर! इंदुमतीला आधी आनंद झाला, चक्क आनंद, आणि मग त्या आनंदाचीच भीती वाटली. मेलीनं दुखणंही रूपाचं निवडलं... सांगायला हवं. औषधानं बरी होईल, पुन्हा अंगानं भरेल — मग मी बोलत का नाही? कारण आज संध्याकाळी प्रफुल्ल म्हणेल, बिचारी. मला कोणी बिचारी म्हटलं होतं? मला आळशी म्हटलं होतं.

"देताय ना, ताई?" थरथरता तळहात पुढे आला.

इंदुमतीनं मघाशी बाजूला ठेवलेली गोळी उचलली आणि मूठ मिटली. आत गोळी ओलसर लागत होती... कित्येक महिन्यांनी तिच्या हाताला घाम फुटला होता.