सावळारामचे शिळे निरोप

चाकणजवळच्या एका वस्तीत गवराबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. नवऱ्याचं, सावळारामचं, तेरावं झालं, आणि पुढचे तीन दिवस रोज त्यांच्या मोबाइलवर कंपनीचा निरोप येत होता: "सावळाराम कामावर पोचले."

"आत्मा कंपनीत अडकलाय," अण्णासाहेब बुवा डोळे मिटून सांगत होते. मेल्यावरही बुवा बिचाऱ्याला शिफ्ट चुकवू देत नव्हते. "बाईनं उंबरा ओलांडला, की तो वाट चुकला म्हणून समजा."

म्हणून आकुर्डीच्या लेकीकडे निघालेल्या गवराबाई घरातच बसून राहिल्या. भरलेली पिशवी दाराशी तशीच होती. शेवटी लेक, सृष्टी, कंपनीत मला शोधत आली. कामगार गेटवर पोचला, की घरी निरोप पाठवणारी यंत्रणा मीच बांधली होती.

मी लॅपटॉप घेऊन गवराबाईंजवळ बसले. "पूर्वी गेटवर कार्ड लावलं, की हजेरीचा डेटाबेस नुसती हाक मारायचा. ऐकणारा प्रोग्रॅम बंद असला, तर हाक वाया. म्हणून मी निरोपांची रांग बसवली. मोबाइलपर्यंत नेणारा प्रोग्रॅम येईपर्यंत ती निरोप सांभाळते. मध्यंतरी तो नेणाराच बंद पडला. त्यानंतर चार दिवस सावळाराम कामावर गेले, पाचव्या दिवशी वारले. आता दुरुस्ती झाली, म्हणून साचलेले निरोप मी रोज एका दिवसाचे सोडतेय. बाकीच्यांची माणसं खरंच कामावर पोचतात, त्यामुळे शिळा निरोप कुणाला कळला नाही. त्यात तारीख घालायला मी विसरले. चूक माझी आहे."

"ही बाई आता आत्म्याला बी रांगेत उभं करती व्हय?" बुवा म्हणाले.

"चौथा निरोप इथे आहे. मी बटण दाबलं, की येईल. त्यानंतर एकही नाही."

मी बटणाकडे हात नेला, तर गवराबाईंनी मनगट धरलं.

"न्हाई दाबला, तर ऱ्हाईल का तिथं?"

"राहील. पण तो निरोपच आहे, ते नाहीत."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग स्वतःच्या बोटाने त्यांनी बटण दाबलं. मांडीवरचा मोबाइल वाजला. बुवा कधी उठून गेले, कुणी पाहिलं नाही. गवराबाईंनी पिशवी उचलली आणि उंबरा ओलांडला.

कळलं नाही, तर ज्याने बनवलं त्याला विचारा. बुवाला काय विचारता? आणि बनवणाऱ्यांनो, कुणी विचारायच्या आधी जाऊन सांगा. मी तीन दिवस उशिरा गेले.

माझ्या वाकडच्या फ्लॅटचं कुलूप मी रोज स्वतःच उघडते. पोचले म्हणून कळवावं, असं कुणी नाही. त्या संध्याकाळी फोन वाजला.

"मी पोचले गं आकुर्डीला," गवराबाई म्हणाल्या. "तू पोचलीस का?"