पूर्वेचं दार आणि दुपारचं ऊन

बाळांनो, क्षणभर अशी कल्पना करा. भर दुपार आहे. बाहेर एवढं लख्ख ऊन पडलंय की रस्त्याकडे बघवत नाही. तुम्ही मात्र घरात एकटे बसला आहात. मांडीवर पुस्तक आहे, पण दिवा लावल्याशिवाय त्यातली एक ओळही दिसत नाही. दिवा लावला की अक्षरं दिसतात, पण बाहेर दुपार आहे की संध्याकाळ, हे काही कळत नाही. अशा घरात वेळ कसा जात असेल?

राजनंदिनीला ते ठाऊक होतं. ती पाचवीत होती. तिच्या शाळेसाठी आईवडील इंदापूर तालुक्यातलं कळंब सोडून बारामतीला आले होते आणि एका इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होते. वडील दादासाहेब एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला होते. आई योगिनी इंदापूरच्या दवाखान्यात नर्स होती. सकाळच्या एसटीने गेलेली आई दिवेलागणीलाच परत यायची. राजनंदिनीची शाळा सकाळची. दुपारी ती कुलूप उघडायची, आत जाऊन कडी लावायची, झाकून ठेवलेली भाकरी खायची. मग संध्याकाळपर्यंत घरात ती आणि ट्यूबलाइट.

घराला खिडक्या होत्या, पण हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती. वीज गेली की तिला आत बसवत नसे. मग ती जिन्यात येऊन बसायची. जिन्याच्या जाळीतून उजेड यायचा. येणारे जाणारे विचारायचे, "काय गं, किल्ली हरवली का?" आणि उत्तर न ऐकताच वर जायचे. पुढे पुढे वीज असली तरी ती जिन्यातच बसू लागली. घरी तिने हे सांगितलं नव्हतं. आईवडील परत येत तेव्हा अंधार पडलेला असे, आणि अंधार पडल्यावर सगळीच घरं सारखी दिसतात.

दिवाळी झाली आणि दादासाहेबांनी स्वतःचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं. घरातल्या वडीलधाऱ्याने उंबरा ओलांडून "बेस हाय" म्हटल्याशिवाय घर घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. म्हणून कळंबहून आबाजी आले. हे दादासाहेबांचे वडील. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांच्या वडिलांचा जन्म मेंढरांमागे फिरण्यात गेला. आबांनी शेती केली आणि घराण्यातलं पहिलं पक्कं घर बांधलं. त्याचं दार त्यांनी पूर्वेला ठेवलं होतं. रोज सकाळी ऊन उंबऱ्यावरून थेट चुलीपर्यंत यायचं. त्यामुळे फ्लॅटसाठीही आबांची एकच अट होती, दार पूर्वेला पाहिजे.

योगिनीला रजा मिळाली नाही. एका शनिवारी दुपारी बाकीचे तिघे फ्लॅट बघायला गेले. दाखवणारा एजंट गोकुळ होता. दुसऱ्या मजल्यावर त्याने दार उघडलं आणि मोबाइलमधलं होकायंत्र आबांपुढे धरलं.

"बघा आबा, एकदम पूर्व!"

"ते खेळणं ठेव खिशात," आबा म्हणाले. "गाडीतनं उतरलो तवाच सूर्य बघून घेतलाय म्या. पूर्वच हाय."

आत गोकुळने सगळे दिवे लावून ठेवले होते. छतात दिवे, भिंतीवर दिवे, ओट्यावरही दिवे.

"आरं, हे तर लगीनघर!" आबा खूश झाले. दादासाहेब नळ सोडून पाणी बघत होते.

राजनंदिनीने खिडकीची काच सरकवली. समोर भिंत होती. तिने काच परत लावली.

"पप्पा, हितं बी भिंतच हाय."

"असू दे गं. शहरात असंच असतंय. लाइट हाय की."

"इन्व्हर्टर बसवा," गोकुळ म्हणाला, "मग अंधाराचं नावच नको."

"आन सकाळी दार उघडलं की ऊन आत," आबा म्हणाले. "आनिक काय पायजे?"

"मग देऊ का टोकन आजच?" दादासाहेबांनी विचारलं.

"दिऊन टाक."

राजनंदिनीला पुढच्या सगळ्या दुपारी दिसल्या. दहावी होईपर्यंतच्या. ती बटणांच्या बोर्डापाशी गेली आणि तिने छतातले दिवे बंद केले. मग भिंतीवरचे. मग ओट्यावरचे.

"अगं, अगं!" गोकुळ ओरडला.

बाहेर ऊन तळपत होतं, तरी घरात एकमेकांचे चेहरे नीट दिसेनात.

"पप्पा, मी दुपारची अशीच असती," ती म्हणाली. "म्हणून जिन्यात बसती."

"जिन्यात? कवापासनं?"

"पावसाळ्यापासनं."

दादासाहेबांनी नळ बंद केला. आबांनी पुढे होऊन, गावाकडच्या सवयीने, दार सताड उघडलं. बाहेर बंदिस्त बोळ होता. त्यात एक बल्ब जळत होता आणि समोर दुसऱ्या कुणाचं तरी बंद दार होतं.

"सकाळी तरी येतंय का रं ऊन?" त्यांनी गोकुळला विचारलं.

"आबा, बोळ बंद हाय ना... पण पूर्व ती पूर्वच!"

"असली पूर्व तुझ्या मोबाइलातच ठेव," आबा म्हणाले. "दुसरं घर न्हाय का?"

"कोपऱ्यातलं हाय. पण दार दक्षिणेला, म्हणून दाखवलंच न्हाय. गावाकडची मानसं जिन्यातनंच माघारी फिरत्यात."

दादासाहेबांनी त्याच्याकडून किल्ली घेतली आणि कोपऱ्यातलं दार उघडलं. इथे कुणी दिवे लावले नव्हते. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीपलीकडे मोकळा प्लॉट होता, त्यापलीकडे ऊस. न पुसलेल्या फरशीवर ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पसरलं होतं. राजनंदिनी आत गेली आणि तिची लांब सावली तिच्यासोबत चालली.

"उन्हाळ्यात तापंल हे," दादासाहेब म्हणाले.

"तापू द्या. मी पडदा लावीन."

दादासाहेबांनी उन्हात हात धरून बघितला. मग ते गोकुळला म्हणाले, "टोकन ऱ्हाऊ द्या आज. हिच्या आईला घेऊन येतो संध्याकाळी... न्हाय, संध्याकाळी नको. सुट्टीच्या दिवशी दुपारीच आणतो." ते दारात उभ्या असलेल्या वडिलांकडे वळले. "आबा, आत या की."

आबा जागचे हलले नाहीत. त्यांच्या एका हातात चपला होत्या, दुसरा हात चौकटीवर होता.

"मी हितनंच बघतो," ते म्हणाले. "दक्षिणेचा उंबरा आजपातुर वलांडला न्हाय म्या. यमाची दिशा ती."

आबा आत आले नाहीत तर हे घर होणार नाही, हे दादासाहेबांना ठाऊक होतं. राजनंदिनीलाही ठाऊक होतं.

ती खिडकीसमोर उन्हात मांडी घालून बसली. फरशीवर बांधकामाची पांढरी धूळ होती. तिने तळहाताने आपल्या शेजारची एक फरशी स्वच्छ पुसली. आबांना मांडी घालायला ती एक पुरणार नाही असं तिला वाटलं, म्हणून मग त्या फरशीच्या शेजारचीही पुसली.