वाकड्या चौकटीची काच

अरे, आधी माझं ऐका! काल आमच्या मामीने जे काही केलंय ना, मी अजून हवेतच आहे.

मामा-मामीचं काचेचं दुकान, माहितीये ना? रस्त्यावरची निम्मी दुकानं बंद पडली, मग नव्या काचा बसवणार कोण? घाऊकवालाही उधारीवर माल देईना. दुकानात मोठी काच उरली होती एकच. त्यात मामाचं मनगट प्लास्टरमध्ये! मोठी काच कापायची ती त्यानेच. मामी मापं घेणार आणि बसवणार. मामाने सांगूनच टाकलेलं, "ही काच वाया गेली तर शटर खाली."

आणि नेमके औषधवाले काका आले. त्यांच्या खिडकीला तीन आठवडे प्लायवूड ठोकलेलं. मोठ्या कंपनीने दोनदा काच पाठवली. पहिली बसेना म्हणून परत नेली, दुसरी ठोकून बसवताना फोडली.

"वहिनी, मापं तर बरोबर होती हो!"

मामी थेट त्यांच्या खिडकीपाशी गेली. सुतळी घेतली, खिडकीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी ताणली, गाठ मारली. मग तीच सुतळी उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरली. दोन बोटं कमी पडली!

"बाजू चारही बरोबर आहेत," मामी म्हणाली, "पण इमारत एका अंगाला खचलीये. चौकट वाकडी, आणि ते कंपनीवाले सरळ काच कोंबतायत."

"मग आता?" काकांनी विचारलं.

"आता काचही वाकडी कापायची."

मामाचा चेहरा बघायला हवा होतात! "अगं, तिरकी? एवढी मोठी? मी दहादा विचार केला असता!"

"म्हणूनच तुम्ही तिकडे बसा."

दुकानात टेबलावर घोंगडी, त्यावर ती एकच काच. मामीने कटर रॉकेलमध्ये बुडवला, पट्टी धरली आणि श्वास रोखून एका दमात रेघ ओढली. कर्रर्र! मध्ये थांबायचं नसतं, थांबलं की संपलं. मग रेघ टेबलाच्या काठावर आणली. मामाने डोळेच मिटले. मी पण मिटले, खोटं कशाला बोलू!

टक्.

एवढाच आवाज. जादाची काच सुटून मामीच्या हातात! मग दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच. टक्!

मी आणि काका, दोघांनी काच धरून नेली. चौकटीत अशी गेली, जणू तिथेच जन्मली होती. मामीने कडेने काच धरून ठेवणारी पुट्टी भरली. मामा एका हाताने टाळी वाजवायला बघत होता, शेवटी स्वतःच्या मांडीवरच वाजवली. शेजारचा चष्मेवाला आणि पलीकडची कापडवाली बाहेर येऊन उभे. सगळी इमारत तीच की! म्हणजे सगळ्यांच्या चौकटी वाकड्या!

"ताई, आमच्या दाराची काच पण तडकलीये. आगाऊ पैसे देते, पण तुम्हीच करा," कापडवाली म्हणाली.

"आणि माझं शोकेस!" चष्मेवाला घाईघाईने पुढे आला.

मामा खुशीत काहीतरी मोठं बोलणार, तेवढ्यात औषधवाले काका आनंदाने आपल्या दुकानात शिरले आणि दार धाडकन लावलं.

"अहो, सावकाश!" मामी ओरडली. "पुट्टी ओली आहे अजून!"