थेंबाची अट

नळराजे सकाळपासून नुसते उधाणले होते. खरं नाव वेगळंच, पण जन्मभर लोकांच्या घरातल्या गळत्या बंद केल्यावर हे नाव चिकटलं आणि त्यांनाही ते आवडायचं. आज मात्र परक्याचा नळ नव्हता. आज त्यांनी स्वतःच्या बैठकीत समुद्र आणला होता!

म्हणजे अगदी समुद्र नाही हो. पलंगाएवढी लांब काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, आणि खालच्या कपाटात दुसरी लहान टाकी. या खालच्या टाकीला म्हणायचं सम्प. वरचं पाणी काठावरून ओसंडून सम्पमध्ये उतरणार, तिथे गाळलं जाणार आणि पंप ते परत वर चढवणार. दुकानदाराने केशरी माशांची एक जोडी बाजूला काढून ठेवली होती. काही आठवडे पाणी मुरलं की जोडी घरी!

पण मध्ये बायको होती. ती सुतारकाम करायची. बैठकीतली लाकडी जमीन तिने गुडघे फोडून घेत स्वतः बसवली होती. टाकीखालचं कपाटही तिचंच, तोंड वाकडं करत का होईना, पण केलेलं. तिने अट घातली होती: "चाचणीच्या दिवशी एक थेंब जरी माझ्या जमिनीवर पडला, तर टाकी घराबाहेर. पुन्हा नाव काढायचं नाही."

पंच म्हणून तिने आपल्या आईलाच बोलावलं. सासूबाईंनी कपाटाभोवती वर्तमानपत्रं अंथरली, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"करा सुरू, जावईबापू."

नळराजेंनी पंप लावला. पाइप थरथरला, गुरगुरला, आणि वर टाकीत पाणी उसळलं.

"चढलं! आई, बघा, चढलं!" त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्या भरात त्यांनी सम्पमध्ये आणखी दोन बादल्या ओतल्या. पाणी जितकं जास्त तितके मासे सुखी, असा त्यांचा हिशेब.

"अहो, काठोकाठ कशाला?" बायको म्हणाली. "वीज गेली तर वरचं पाणी खाली येईल ना?"

"अगं, झडप बसवलीय! पाणी उलटं फिरलं की आपोआप मिटते. गावभर बसवल्यात मी."

"मग काढते प्लग." आणि तिने काढलाच.

पंप गप्प झाला. नळराजे हसत हसत कपाटात वाकले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. झडप मिटलीच नव्हती. सकाळी घाईघाईत टाकलेल्या वाळूचा एक खडा तिच्यात अडकला होता. त्यात झडपेच्या भरवशावर त्यांनी पाइपाचं वरचं तोंड टाकीत पार खोलवर सोडलेलं. आता तोच पाइप वरचं पाणी खाली ओढत सुटला. सम्पचा काठ चार बोटं राहिला. तीन. दोन.

"प्लग लाव! अगं, लाव ना!"

"वीज गेल्यावर प्लग कुठे लावणार, जावईबापू?" सासूबाई म्हणाल्या. पंच कसल्या, साक्षात न्यायाधीशच!

नळराजे पान्ह्याने झडपेवर ठोकत सुटले. खडा हलेना. पाणी काठाला टेकलं. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं आणि रडूच फुटायला आलं.

तेवढ्यात वर धप्पकन आवाज झाला. बायकोने दंडापर्यंत हात टाकीत घातला होता. तिने पाइपाचं तोंड पकडलं आणि पाण्याबाहेर उपसलं. पाइपाने हवेचा घोट घेतला, डुर्र केलं आणि थांबला. सम्पमध्ये पाणी काठावर डुचमळत राहिलं. सांडलं नाही.

नळराजे कपाटातून बाहेर आले. "अगं, नुसती उभी राहिली असतीस तरी जिंकली असतीस तू."

"आणि त्या दोघांनी राहायचं कुठे?" ती भिंतीकडे बघत म्हणाली. "दुकानात जाऊन बघून आलेय मी. त्यातला धाकटा फार भित्रा आहे. सारखा दुसरीच्या मागे लपतो."

नळराजेंनी हात पुसायला तिच्यापुढे फडकं धरलं. आणि नेमका तेव्हाच तिच्या कोपरावरून एक थेंब निसटून वर्तमानपत्रावर पडला.

टप्प.

तिघांनीही तो पाहिला. अट ती अट. सासूबाई वाकल्या, कागदावरचा ओला ठिपका निरखून पाहिला आणि चष्मा काढला.

"हा थेंब टाकीचा नाही. माझ्या लेकीच्या कोपराचा आहे. तेव्हा घराबाहेर काढायचंच असेल, तर हिला काढावं लागेल. बोला, जावईबापू, काढता?"

"छे हो, आई!" नळराजे इतक्या जोरात ओरडले की बायकोला हसू आवरेना.

मग त्यांनी झडपेतला खडा काढला, पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीजवळ वर आणून बांधलं आणि मुकाट्याने सम्पमधून दोन बादल्या पाणी परत काढलं. बायकोने कानावरची पेन्सिल घेऊन कपाटाच्या आतल्या फळीवर, सम्पच्या काचेला लागून, ठसठशीत रेघ ओढली.

"याच्या वर एक मगही नाही. कळलं?"

"कळलं."

"मग सरका. यावेळी प्लग मी लावणार."