तुम्ही व्हा पुढे

आमच्या घरातून सगळे वेळेवर बाहेर पडले, असं माझ्या लग्नानंतर कधी झालं नाही, आणि त्याला कारण मोठे भाऊजी. सगळे चपला घालून दारात उभे राहिले की त्यांना काहीतरी आठवायचं. गॅस बंद केला का, मागच्या दाराची कडी लागली का, नळ ठिबकतोय का. सैन्यात मेजर झाले तरी खोड गेली नाही. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," म्हणत ते आत वळायचे आणि आम्ही कोपऱ्यावर ताटकळत उभे. जाऊबाईंनी त्यांचं नावच 'आलोच' पाडलं होतं. सुट्टीवर यायचे असले की मी विचारायची, आलोच कधी येणार? त्या म्हणायच्या, आलोच म्हणालेत म्हणजे निवांत स्वयंपाकाला लाग.

डोंगरातल्या एका चौकीवर लढताना ते गेले. मरणोत्तर शौर्यपदक मिळालं, ते जाऊबाईंनी ताठ मानेनं घेतलं आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं. त्यांचे एक सोबती घरी भेटायला आले होते, त्यांनीच शेवटचे शब्द सांगितले. शेवटी आपल्या जवानांना म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. जाऊबाई तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. आम्हीही रडलो. कुठे पुढे, कशाला पुढे, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

मग गावात शोकसभा झाली आणि आमचे हे बोलायला उभे राहिले. त्याआधी ह्यांना सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा कुणी धड बोलू दिलं नव्हतं. ह्यांनी सुरुवात केली, "माझा भाऊ शेवटी म्हणाला, तुम्ही पुढे व्हा," आणि पुढचे दोन शब्द घशातच अडकले. खरंच अडकले, मी पाहिलंय. लोकांना वाटलं, वाक्य संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "पुढे व्हा!" आणि सगळं मैदान तेच ओरडायला लागलं.

राहिलेलं अर्धं वाक्य ह्यांनी नंतर कधी पुरं केलं नाही. करायचं कारणही दिसेना. अर्धंच इतकं छान चाललं होतं. फलकांवर आलं, टीव्हीवर आलं, शाळेच्या भिंतीवर आलं. ह्यांना प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची मिळायला लागली आणि ह्यांच्या शेजारची मला. खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

यंदा चौकातला भाऊजींचा प्लास्टरचा अर्धपुतळा काढून तिथे ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा बसवला. हात उंचावलेला, बोट समोर रोखलेलं. खाली चौथऱ्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत 'पुढे व्हा!' उद्घाटनाला मंत्री येणार होते. आदल्या दिवशी दुपारी मी पाहुण्यांसाठी कप पुसत बसले होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात पन्नाशीचा एक माणूस होता, डावा हात कोपरात न वळणारा. सोबत त्याची मुलगी. ती इस्पितळात नर्स आहे म्हणाली. तो चौकीवरचा वायरलेसवाला होता.

आम्ही त्याला कोचावर बसवलं, चहा दिला. ह्यांनी नेहमीचा आवाज लावला, म्हणजे तुमच्यासारख्या शूरांमुळेच वगैरे. तो ऐकून घेत राहिला. मग त्यानं जाऊबाईंकडे वळून विचारलं, थोडं बोलू का?

चौकी राहणार नाही हे साहेबांना कळलं होतं, असं त्यानं सांगितलं. तिघं जखमी होते. ओढ्यापर्यंत उतरण्याची एकच पायवाट होती, आणि वरून कुणीतरी मशीनगन चालवत राहिल्याशिवाय ती उतरता येणार नव्हती. हा वायरलेसवाला म्हणाला, मी थांबतो. साहेबांनी ह्याच्या पाठीवरचा वायरलेस सेट उतरवला, आणि त्या जागी चौकीवरच्या आचाऱ्याला पाठीवर दिलं, ज्याच्या पायाला गोळी लागली होती.

"मग म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," तो म्हणाला. "सिनेमाला निघाल्यासारखं म्हणाले हो, बाईसाहेब. आम्हाला खरं वाटलं. आम्ही खाली ओढ्यापाशी त्यांची वाट बघत थांबलो होतो."

जाऊबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

ते 'पुढे' म्हणजे खाली होतं. मागे. घराकडे. आणि आम्ही इतकी वर्षं ते 'पुढे' शत्रूकडे दाखवत होतो.

तो पुढचं फार जपून बोलला, जणू चूक त्याचीच होती. साहेबांचे शब्द त्याच्याही गावी पोचले होते. लोक आधी गमतीत विचारायचे, साहेब पुढे व्हा म्हणाले, मग तू मागे कसा आलास? पुढे गंमत राहिली नाही. आचारी तर गाव सोडूनच गेला. तो कुठे आहे, ते आता कुणाला ठाऊक नाही. कुणाकुणाला समजावणार, आणि साहेबांच्या सख्ख्या भावापेक्षा ह्याचं कोण ऐकणार?

"मला शाळेत पळपुट्याची पोर म्हणायचे," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्याचं मागणं एवढंच होतं. उद्या मंत्र्यांसमोर, टीव्हीसमोर, ते वाक्य एकदा पूर्ण म्हणा. आणि कुठे जायला सांगितलं होतं तेही. मुलीला मुद्दाम ऐकायला आणलंय.

हे म्हणाले, "म्हणतो ना. म्हणजे, बघतो." ह्यांच्या तोंडून 'बघतो' आलं की काम गेलंच बाराच्या भावात, हे मला ठाऊक होतं. तरी मी रिकामे कप उचलून आत गेले.

सकाळी मी ह्यांचा शर्ट इस्त्री करत होते, तेव्हा हे शेजारी येऊन उभे राहिले. काय करू, असं विचारलं. अक्षरं कोरून झालीत. शाळेची पोरं घोषणेसाठी बसवलीत. आणि 'मी आलोच' हे काय पुतळ्याखाली शोभतं? कोथिंबीर आणायला निघालेला माणूस वाटतो, लोक हसतील. ह्यांना मी 'म्हणा, नाहीतर घरात पाऊल टाकू नका' असं म्हणावं, अशी ह्यांची आशा होती, हे मला कळत होतं. बायकोच्या धाकानं का होईना, सुटले असते. मी म्हटलं, आज मंत्री आहेत, उगाच घोळ नको, पुढे कधीतरी सावकाश सांगता येईल. आणि कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिले.

मांडवात आम्ही पहिल्या रांगेत. वायरलेसवाला आणि त्याची मुलगी अगदी शेवटच्या रांगेत, खांबाजवळ. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, हे माईकपाशी गेले. भाषण पाठच होतं. त्या वाक्यापाशी आले आणि थांबले. "माझा भाऊ म्हणाला, तुम्ही पुढे व्हा..." ह्यांनी तोंड उघडं ठेवलं, नजर थेट त्या खांबाकडे. एक क्षण मला वाटलं, म्हणतायत. आणि मनापासून सांगते, त्या क्षणी मला खुर्चीचीच काळजी वाटली.

तेवढ्यात पोरांनी आरोळी ठोकली. "पुढे व्हा! पुढे व्हा!" सगळा मांडव उठला. मंत्री उठले. ह्यांनी तोंड मिटलं, मान डोलावली, आणि पुढचा परिच्छेद सुरू केला.

मी वळून पाहिलं. वायरलेसवाला टाळ्या वाजवत होता. त्याचा एक हात वळत नाही, म्हणून तो दुसऱ्या हातानं मांडीवर थापट्या मारत होता. साहेबांचा पुतळा होता, त्याला वाजवायलाच हव्या होत्या. मुलगी हात मांडीवर ठेवून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी टाळी वाजवत होते, ते मला तेव्हा कळलं.

कार्यक्रम संपल्यावर मंत्र्यांबरोबर चहा होता, आमच्यासाठी गाडी लागली होती. जाऊबाई गाडीकडे न येता उलट्या निघाल्या, खुर्च्यांमधून वाट काढत, त्या खांबाच्या दिशेनं. हे लगबगीनं मागे गेले, मीही गेले. "वहिनी, अहो इकडे. सगळे थांबलेत," हे म्हणाले.

त्या वळल्या. रागावल्या नव्हत्या. दारातून परत आत वळताना मोठे भाऊजी बघायचे, तसं त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या.

हे तिथेच उभे राहिले, मीही राहिले. आमच्या घरात त्या वाक्याला पुढे दोन शब्द असतात. आम्ही त्या दोन शब्दांची वाट बघत होतो.

जाऊबाई पाठ फिरवून चालू लागल्या.